गाण्याचं वेड आणि पोटापाण्याचं काम, दोन्हीचा मेळ कसा बसवायचा

"दादा, मला म्युझिकमध्ये काहीतरी करायचंय" असं कोणी म्हटलं की मी आधी एवढंच विचारतो, काहीतरी म्हणजे नक्की काय? बहुतेक वेळा उत्तर येतं गायक व्हायचंय नाहीतर संगीतकार व्हायचंय, कारण बाहेरून तेवढीच दोन कामं दिसतात. पण आपल्याकडचा एक साधा अडीच तासांचा मराठी गाण्यांचा कार्यक्रम घ्या, शिवाजी मंदिरला नाहीतर पार्ल्याला दीनानाथला, त्यात गायक दोन किंवा तीन असतात आणि त्यांच्या मागे तबला, ढोलकी, कीबोर्ड, बासरी, साइड रिदम, सगळ्यांना कागद लिहून देणारा संगीत संयोजक, निवेदक, निवेदनाची संहिता लिहिणारा, साऊंडवाले, लाइटवाले, हॉलची तारीख मिळवणारा, तिकिटं बघणारा अशी डझनभर माणसं असतात. आणि ही सगळी गाण्याची वेडीच असतात हो, नाहीतर रात्री साडेअकराला केबल गुंडाळून शेवटची लोकल पकडायची हौस कोणाला असते.

मी स्वतः लाइव्ह साऊंड करतो. लालबागच्या बाजूला चाळीत वाढलो, आमच्या भजनी मंडळात झांज धरायचो, डबलबारीचे, म्हणजे दोन भजनी बुवांच्या जुगलबंदीचे सामने ऐकत रात्री जागवल्या. पण बुवा गजर करत असले तरी माझा कान जायचा पखवाजाच्या माइककडे, की तो डाव्या बाजूची घुमारी का पकडत नाहीये. मी उत्तम झांजवाला झालो नसतो, पण तो कान मात्र माझा होता आणि त्यानेच मला काम दिलं. म्हणून पुढे जे लिहितोय त्याचा सगळा रोख एकाच गोष्टीवर आहे, गाणं आवडतं एवढ्यावर थांबू नका, गाण्यातलं नेमकं काय तुम्हाला कोणी न सांगता करावंसं वाटतं ते हुडका, करिअर त्याच्या आसपास उभं राहतं.

आधी आपला कान कुठे जातो ते बघा

पंधरा दिवस एक छोटी वही ठेवा, फोनमध्ये नोट्स काढल्या तरी चालतील. गाणं लागलं, कार्यक्रमाला गेलात, ट्रेनमध्ये हेडफोन लावला, की लक्ष कुठे गेलं ते एका ओळीत लिहायचं. शब्दांकडे गेलं का? ठेक्याकडे गेलं का? मधल्या म्युझिकमध्ये व्हायोलिनचा तुकडा कुठून आला याकडे गेलं का? गाण्याखाली वादकांची नावं शोधत बसलात का? हाच राग आणखी कुठल्या गाण्यात आहे ते आठवायला लागलात का? की शेजारच्याला समजावून सांगायला सुरुवात केलीत? पंधरा दिवसांनी वाचा, एकच गोष्ट पुन्हा पुन्हा आलेली दिसेल.

शब्दांकडे जात असेल तर गीतलेखन, निवेदन, संहिता, रेडिओ, संगीतावरचं लिखाण. तुकडे आणि कॉर्ड्सकडे जात असेल तर संगीत संयोजन, म्हणजे अरेंजिंग. आवाज स्वच्छ का येत नाहीये हे डोक्यात फिरत असेल तर साऊंड. समजावून सांगायला आवडत असेल तर शिकवणं, आणि याला प्लीज दुय्यम समजू नका, मुंबईत गाण्यावर घर चालवणाऱ्यांमध्ये शिकवणाऱ्यांची संख्या फार मोठी आहे. जुनी रेकॉर्डिंग्ज जमवण्याची, कोणी कधी काय गायलं ते जुळवण्याची आवड असेल तर अर्काइव्हचं काम असतं, मुंबईतच जुन्या ध्वनिमुद्रिका जमवणाऱ्यांची सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स उभी राहिली. आणि हात सतत पेटी उघडून बघायला शिवशिवत असतील तर वाद्यदुरुस्ती. पेटीचा सूर लावणारा कारागीर रीडच्या, म्हणजे आतल्या पितळी पट्टीच्या, टोकाकडे हलकं घासतो तेव्हा सूर चढतो आणि मुळाकडे घासतो तेव्हा उतरतो, ऐकायला सोपं वाटतं पण हे ज्याला बिनचूक जमतं त्याच्याकडे गणपतीच्या आधी पेट्यांची रांग लागलेली असते. दादरला हरिभाऊ विश्वनाथ १९२५ पासून पेट्या बनवतायत, मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला २०२४ मध्ये जीआय, म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं, पण चांगला दुरुस्तीवाला शोधायला आजही चार फोन करावे लागतात. तिथे जागा आहे असं मला मनापासून वाटतं.

एक मुलगा सांगतो. दिवाळी पहाटचा कार्यक्रम, उघडं मैदान, पहाटे साडेचारला आम्ही लाइन टाकतोय, हा केबल उचलायला आलेला, कॉलेजचा पोरगा. सहाला कार्यक्रम सुरू झाला, दोन गाणी झाली आणि हा माझ्या कानाशी येऊन म्हणतो की दायां, म्हणजे उजव्या हाताचा तबला, सुरात खाली आलाय. मी कन्सोलवर, म्हणजे साऊंडच्या मिक्सरवर, होतो, मला वाटलं माइक हलला असेल, तेवढ्यात तबलजीने हातोडी उचलली आणि गठ्ठे ठोकायला लागला. हवेत दमटपणा वाढला की पुडी, म्हणजे तबल्याचं कातडं, सैल पडते आणि सूर उतरतो, ते त्याने वादकाच्याही आधी ऐकलं. मी त्याला विचारलं तबला शिकतोस का, तर नाही म्हणाला, फक्त ऐकतो. त्याला मी तबला शिकायलाही पाठवलं आणि मिक्सिंगलाही बसवलं, आज तो शास्त्रीय मैफलींचा साऊंड करतो आणि कलाकार त्याचं नाव सांगून त्याला मागून घेतात. त्याला गायक व्हायला सांगितलं असतं तर वर्षं फुकट गेली असती.

नोकरी सोडायची का? आधी ही माणसं बघा

हा प्रश्न सगळ्यांनाच छळतो आणि घरी तर त्याच्यावरनं महाभारत होतं. माझं मत विचाराल तर सोडायची की नाही हा प्रश्न नंतरचा, आधी नोकरी आणि गाणं यांचं नातं काय असणार ते ठरवा, कारण ते तीन-चार प्रकारचं असू शकतं.

शास्त्रीय गायिका अश्विनी भिडे-देशपांडे यांनी मायक्रोबायोलॉजीत एमएस्सी केलं आणि इथेच भाभा अणुसंशोधन केंद्रातून बायोकेमिस्ट्रीत पीएचडी, शास्त्राचं शिक्षण आणि तालीम शेजारी शेजारी चालली आणि मग त्या पूर्णपणे गाण्याकडे आल्या. अरुण दाते टेक्स्टाइल इंजिनिअर, नोकरी सांभाळून भावगीतं गायले. वसंतराव देशपांडे कितीतरी वर्षं लष्कराच्या हिशेब खात्यात नोकरीला होते. जितेंद्र अभिषेकी आकाशवाणी मुंबईच्या कोकणी विभागात होते, म्हणजे नोकरीच अशी की त्यात गाणं, शब्द, कलाकार रोज समोर. प्रभा अत्रेंचं शिक्षण विज्ञान आणि कायद्याचं, मग आकाशवाणी, मग एसएनडीटी महिला विद्यापीठात संगीत विभागाच्या प्रमुख.

आणि हिंदुस्थानी संगीताचे अभ्यासक विष्णु नारायण भातखंडे तर वकील! १८६० साली वाळकेश्वरला जन्म, वकिली केली, पारशी मंडळींच्या गायनोत्तेजक मंडळीत गाणं शिकले आणि पुढे वकिली सोडून देशभर फिरून बंदिशी गोळा केल्या, उस्तादांशी चर्चा केल्या, ग्रंथ ताडून पाहिले, रागांची दहा थाटांत, म्हणजे दहा गटांत, मांडणी केली, सहा भागांत बंदिशी छापल्या. मला यातलं सगळ्यात भावतं ते हे की वकिलाची सवय, म्हणजे पुरावा मागायचा, नोंद करायची, दोन साक्षी ताडून बघायच्या, ती त्यांनी टाकून दिली नाही, गाण्यातच वापरली. तुम्ही आज बँकेत असाल, आयटीत असाल, एखाद्या जाहिरात कंपनीत अकाउंट्स बघत असाल, तर तिथलं कुठलं कौशल्य गाण्यात कमी पडतंय ते शोधा. हिशेब नीट ठेवणारा कार्यक्रम व्यवस्थापक मिळाला की कलाकार त्याला आयुष्यभर सोडत नाहीत, हे मी डोळ्यांनी बघितलंय.

थेट संगीतातली नसलेली पण संगीताच्या कानावर चालणारी कामं पण आहेत. वांद्रे रेक्लेमेशनला अली यावर जंग संस्था आहे, तिथे ऑडिओलॉजी, म्हणजे श्रवणशास्त्र, आणि वाचा-भाषा उपचारांचं शिक्षण मिळतं, सूर बारकाईने ऐकणाऱ्या मुलामुलींनी या दिशेने बघायला हवं असं मला फार वाटतं. हॉल आणि स्टुडिओचं ध्वनिशास्त्र हे इंजिनिअरिंग आणि आर्किटेक्चरवाल्यांचं काम. कायदा शिकत असाल तर कॉपीराइट.

शिकणं, पण मुंबईच्या घरात

वेड कितीही असलं तरी शिकण्याला पर्याय नाही, आणि यूट्यूबवरून सुरुवात होते पण हात धरून चूक दाखवणारं माणूस लागतंच. गुरू निवडताना एवढं बघा की त्यांच्याकडे पाच-सात वर्षं शिकलेले विद्यार्थी कसे गातात-वाजवतात. गुरूंचं स्वतःचं गाणं अफाट असेल आणि विद्यार्थी सगळे दोन वर्षांत पळत असतील तर जरा थांबा, विचार करा. प्रवास पण बघा हो, विरारहून गिरगावला आठवड्यातून तीनदा जाणं सहा महिन्यांत बंद पडतं, त्यापेक्षा बोरिवलीत मिळणारा प्रामाणिक शिक्षक बरा.

परीक्षांचं काय? अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा आपल्याकडे सगळ्यांना माहिती आहेत, प्रारंभिक, मग प्रवेशिका प्रथम आणि पूर्ण, मध्यमा प्रथम आणि पूर्ण, विशारद आणि शेवटी अलंकार. काही लोक नाक मुरडतात की परीक्षेने गाणं येत नाही. खरंय, नाही येत. पण शाळेत संगीत शिक्षक व्हायचं असेल, क्लास काढायचा असेल, तर विशारद लिहिलेला कागद दार उघडून देतो, आणि दहावीच्या मुलांना या परीक्षांचे जादा गुण मिळतात म्हणून पालक परीक्षा घेणारा क्लासच शोधत येतात, म्हणजे शिकवणाऱ्याला त्याचा थेट उपयोग आहे. मुंबई विद्यापीठाचा संगीत विभाग आहे, लोककला अकादमी आहे, मुलींसाठी एसएनडीटी आहे. १८ ते २५ वयात असाल तर केंद्राच्या संस्कृती मंत्रालयाची तरुण कलाकारांसाठीची शिष्यवृत्ती बघा, महिन्याला ५००० रुपये, दोन वर्षं, आणि त्यासाठी गुरूकडे सलग शिकलेलं असावं लागतं, म्हणजे तारखा आणि पत्रं आत्तापासून जपून ठेवा.

रियाज हा वन रूम किचनमध्ये सगळ्यात अवघड भाग. बाबा नाइट शिफ्ट करून झोपलेत, बहिणीची बारावी आहे, शेजारच्या काकूंची तक्रार, मला सगळं माहितीये. यावर चालणारे उपाय असे, सकाळचा खर्ज, म्हणजे खालच्या सुरांचा रियाज, हळू आवाजातच करायचा असतो त्यामुळे तो घरी होतो. तानपुरा फोनवर, एका कानात. वादक असाल तर तबल्यावर जाड टॉवेल टाकून बोटांची तयारी होते, नाद मिळत नाही पण निकास, म्हणजे बोल स्वच्छ काढायची सवय, आणि वेग मिळतो. मोकळ्या आवाजाचा रियाज आठवड्यातून दोनदा कुठेतरी बाहेर, सोसायटीचं ऑफिस, मंडळाची खोली, शाळेचा वर्ग रविवारी, विचारलं तर लोक देतात, खरंच देतात, फक्त वेळ सांगून त्याच वेळी संपवायचं. आणि लोकलचा वेळ ऐकण्याचा. एकच राग किंवा एकच गाणं महिनाभर वेगवेगळ्या कलाकारांकडून ऐका, रोज नवीन प्लेलिस्ट लावून काही पदरात पडत नाही.

जोडीला एक तांत्रिक गोष्ट हवीच, कुठलंही वाद्य असो. गायकाने आपली पट्टी, म्हणजे आपण कुठला सूर सा धरून गातो ते, सांगता यायला हवी, काळी एक, काळी दोन, सफेद चार, आणि तीच कीबोर्डवाल्याला सी शार्प, डी शार्प करून सांगता यायला हवी. घरी स्वतःचं साधं रेकॉर्डिंग करता यायला हवं, कारण आजकाल स्क्रॅच, म्हणजे कच्चं गाणं, गाऊन पाठव म्हणतात आणि रात्री दहाला मेसेज आला तर सकाळी फाइल लागते. माइक कॉम्प्युटरला जोडणारा एक ऑडिओ इंटरफेस, एक माइक, बंद हेडफोन आणि रीपरसारखं स्वस्त सॉफ्टवेअर एवढ्यावर होतं. व्हिडिओसाठी असेल तर रेकॉर्डिंगची सेटिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट ठेवा. कंडेन्सर माइकला ४८ व्होल्टचं फँटम पॉवर, म्हणजे माइकच्या केबलमधूनच जाणारी वीज, लागतं, ते चालू करायला विसरलं की माइक बिघडला म्हणून लोक दुकानात जातात. गाणं कपाटासमोर कपड्यांच्या दिशेने तोंड करून रेकॉर्ड करा, नुसत्या भिंतींच्या खोलीत आवाज घुमतो आणि ते नंतर कशानेच निघत नाही.

पहिलं पैशाचं काम

मुंबईत कामाचं वर्ष सणांवर चालतं. गणेशोत्सव, नवरात्र, दिवाळी पहाट, मग लग्नं, डिसेंबरची स्नेहसंमेलनं, गुढीपाडवा, महाराष्ट्र दिन. पितृपक्षात फोन शांत, पावसाळ्याच्या सुरुवातीला शांत. हे आधीच कागदावर मांडा म्हणजे जुलैमध्ये घाबरायला होत नाही. महिन्याचा खर्च गुणिले सहा एवढे पैसे बाजूला पडले आणि वर्षभर गाण्याच्या कमाईने निम्मा खर्च निघाला, तरच नोकरी सोडण्याचा विषय घरात काढा. काही जण म्हणतील उडी मारल्याशिवाय पोहता येत नाही. मी खूप चांगले वादक पाहिलेत ज्यांनी भाड्याच्या टेन्शनमध्ये मिळेल ते काम घेतलं आणि चार वर्षांत वाद्याचाच कंटाळा आला, मला ते बघवत नाही म्हणून सांगतोय.

सुरुवात ओळखीतूनच होते. कोणाच्या तरी क्लासच्या कार्यक्रमात साथ, मंडळाच्या स्पर्धेला पेटी, बदली वादक म्हणून आयत्या वेळी जाणं. बदलीचं काम हे सगळ्यात मोठं दार आहे, आणि ते त्यालाच मिळतं ज्याचा फोन लागतो, जो वेळेआधी येतो आणि ज्याला चाळीसेक गाणी कागदाशिवाय येतात. म्हणून आजच आपल्या वाद्यापुरती चाळीस गाण्यांची यादी करा, भावगीतं, नाट्यपदं, अभंग, लावण्या, जुनी हिंदी, पट्टी आणि ठेका समोर लिहून. सुगम आणि शास्त्रीय वाल्यांनी आकाशवाणीची ऑडिशन द्यावी, बी, बी हाय, ए आणि टॉप अशा श्रेणी मिळतात, आणि मान्यताप्राप्त कलाकार हे दोन शब्द बायोडेटात वर्षानुवर्षं कामाला येतात.

पैशाचं बोलायला आपली माणसं लाजतात. "द्या तुम्हाला योग्य वाटेल ते" हे वाक्य कृपा करून बंद करा. सुपारी, म्हणजे कार्यक्रमाचं काम, घेताना फोनवर गोड बोलणं झालं की लगेच व्हॉट्सअॅपवर असं काहीतरी टाका:

"नमस्कार काका, आत्ता बोलल्याप्रमाणे, तारीख २१, हॉलवर पोचायची वेळ ४, साऊंड चेक ४.३०, कार्यक्रम ७ ते ९.३०. माझं मानधन ठरल्याप्रमाणे, त्यातलं अर्धं आत्ता, अर्धं कार्यक्रमाच्या दिवशी. एक रिहर्सल यात धरलीये, दुसरी लागली तर तिचं वेगळं. येण्याजाण्याचा खर्च आपल्याकडे. कार्यक्रम रद्द झाला तर अॅडव्हान्स परत होणार नाही. बरोबर आहे ना, एकदा ओके पाठवा."

यात उद्धटपणा काही नाही, उलट समोरच्यालाही बरं वाटतं की सगळं स्पष्ट आहे. मानधन किती मागायचं ते ठरवताना फक्त स्टेजवरचे अडीच तास मोजू नका, रिहर्सल, प्रवास, गाणी बसवायचा वेळ, सगळं मिळून तास काढा आणि त्या कामाच्या दोन अनुभवी माणसांना विचारा की तुम्ही काय घेता. पॅन नंबर, बँक डिटेल्स आणि साधं बिल तयार ठेवा, कंपन्या मानधनातून साधारण १० टक्के टीडीएस कापतात, तो रिटर्न भरून परत मिळू शकतो, पण रिटर्न भरलंच नाही तर तो तसाच सरकारकडे पडून राहतो.

फुकट कार्यक्रमांबद्दल माझं मत ठाम आहे. गुरूंसाठी, आपल्या मंडळासाठी, एखाद्या खऱ्या गरजेच्या कामासाठी मनापासून फुकट जा आणि चांगलं वाजवून या. पण जिथे मंडपवाल्याला पैसे मिळतायत, केटररला मिळतायत, लाइटवाल्याला मिळतायत आणि फक्त वादकाला "तुम्हाला एक्सपोजर मिळेल" सांगतात, तिथे हात जोडून नाही म्हणा. तुम्ही एकदा फुकट गेलात की तुमच्यामागून येणाऱ्या पोराचाही दर खाली येतो.

आपण केलेल्या गाण्यावर आपला हक्क

स्वतःचं काही बनवत असाल तर हा भाग दोनदा वाचा. २०१२ च्या कॉपीराइट कायद्यातल्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराला गाण्याच्या पुढच्या वापरातून रॉयल्टी मिळण्याचा हक्क दिला, सिनेमा थिएटरात दाखवताना सोडून, आणि हा हक्क कंपनीच्या नावावर करून देता येत नाही. तरी अॅग्रीमेंट पूर्ण वाचा, घाईत स्टुडिओच्या सोफ्यावर बसून सही करू नका, एक दिवस मागून घ्या. गीतकार-संगीतकारांनी त्यांची रॉयल्टी गोळा करणाऱ्या आयपीआरएसचं सभासद व्हावं, १९६९ पासूनची संस्था, तिथे गाणी नोंदवली नाहीत तर जमा झालेले पैसे तुमच्यापर्यंत येणार कसे? गायक-वादकांसाठी तशीच इसाम्रा ही संस्था आहे. सिनेमा-मालिकांसाठी गीतं लिहिणाऱ्यांनी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे शब्द नोंदवून ठेवावेत.

मित्रामित्रांत गाणं केलं तर त्याच दिवशी एका कागदावर लिहा, शब्द कोणाचे, चाल कोणाची, संयोजन कोणाचं, कोणाचा किती टक्के वाटा, आणि सगळ्यांच्या सह्या. मैत्री आहे तोवरच हे लिहून होतं. आणि दुसऱ्याचं गाणं गाऊन टाकताना, शब्द-संगीताचा हक्क निर्मात्याच्या मृत्यूनंतर ६० वर्षं राहतो हे लक्षात ठेवा, जुनं गाणं म्हणजे मोकळं गाणं असं नसतं.

कान आणि गळा

हे थोडक्यात सांगतो पण माझ्या धंद्यातल्या किती जणांचे कान गेलेत ते मला माहितीये. ८५ डेसिबलला आठ तास ही मर्यादा धरतात, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे ८८ ला चार तास, ९१ ला दोन, १०० ला फक्त पंधरा मिनिटं. विसर्जनाच्या मिरवणुकीत बेंजो आणि ढोल-ताशाच्या मध्ये उभं राहिलं तर १०० सहज होतात. संगीतकारांसाठीचे इअरप्लग घ्या, ते आवाज दाबतात पण सूर बिघडवत नाहीत. वर्षातून एकदा ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करा. गाणाऱ्यांनी घसा बसलेला असताना सुपारी घेऊ नये, आणि दोन आठवड्यांपेक्षा जास्त आवाज बसलेला राहिला तर सरळ कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे जायचं, आल्याचा रस आणि ज्येष्ठमध चघळत वाट बघायची नाही.

घरच्यांशी बोलताना

आईबाबांना "मला हे आवडतं" हे आधीच माहिती असतं, त्यांना भीती असते ती पैशाची आणि लग्नाची. त्यांच्यासमोर वही ठेवा. गेल्या बारा महिन्यांत किती कामं झाली, किती आले, किती येणं बाकी आहे, पुढच्या तीन महिन्यांत काय ठरलंय. एकदा त्यांना कार्यक्रमाला घेऊन जा, आणि पुढच्या रांगेत बसवण्यापेक्षा साऊंड चेकलाच न्या. आमच्या वडिलांनी मला कन्सोलवर दोन तास उभं बघितलं, ज्येष्ठ गायक मला "बेटा, मॉनिटरमध्ये तानपुरा थोडा वाढव" म्हणाले ते ऐकलं, आणि त्यानंतर घरात हा विषय पुन्हा निघाला नाही.

चाळिशीच्या पुढच्या मंडळींसाठी वेगळं सांगतो, कारण त्यांचे मेसेज सगळ्यात जास्त हळवे असतात. मुलं मोठी झाली, आता गाणं करायचंय. करा ना! तुमच्याकडे तरुणांकडे नसलेली एक गोष्ट असते, माणसं. सोसायटी, ऑफिस, नातेवाईक, ज्येष्ठ नागरिक संघ. सकाळचा ज्येष्ठांसाठी भावगीतांचा क्लास, लहान मुलांचा प्रारंभिकचा क्लास, एखाद्या कवीवर दीड तासाचा निवेदनासह कार्यक्रम, ही कामं तुमच्या वयाला शोभतात आणि मिळतात. त्यासाठी स्वतः आधी मध्यमापर्यंत तरी नीट शिका, वर्षाला एक परीक्षा, घाई नको.

आणि ज्यांना अजून काहीच कळत नाहीये की कुठून सुरू करू, त्यांनी या शनिवारी जवळच्या नाट्यगृहात गाण्यांचा कुठलाही कार्यक्रम बघा, तिकीट काढून, आणि संपल्यावर लगेच निघू नका. आवराआवर चालू असते तेव्हा विंगेत जाऊन ज्याचं काम तुम्हाला सगळ्यात जास्त आवडलं त्याला सांगा की अमुक गाण्यात तुम्ही जे केलंत ते मला कळलं आणि आवडलं, पुढच्या कार्यक्रमाला मी मदतीला येऊ का? केबल गुंडाळायला, स्टँड उचलायला, कागद लावायला. नंबर मागा, दुसऱ्या दिवशी अकराच्या आधी नाव सांगून मेसेज करा, आणि बोलावलं तर काळे कपडे घालून अर्धा तास आधी पोचा.